सहा ते साडेसात

नायगाव, बीडीडी चाळ
२१ एप्रिल २०२४, रविवार

प्रिती,

जय भीम.

रमाबाईंच्या फोनवर आलेला तुझा निरोप मिळाला. त्यांनी तो दारात उभं राहून अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल असा सांगितला, त्यामुळे मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. बुद्धपौर्णिमेला नाशिकला तुझं लग्न आहे. मुलाचं नाव अभय, शाळेत शिकवतो, शांत आहे. त्यासाठी तुला हर्षाच्या मृत्यूचा दाखला हवा आहे आणि मितूच्या शाळेसाठी तिच्या जन्माचा. दोन्ही माझ्याकडे राहिले. एवढं कळलं.

दाखले शोधते आहे. ट्रंकेत नाहीत. कपाटावरच्या पेटीत असतील, पण स्टूल डगमगतं, कुणाला तरी चढायला सांगावं लागेल. सापडले की कळवीन.

दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. पुनर्विकासात आपल्या चाळीचा नंबर अजून लागलेला नाही. समोरच्या दोन चाळी रिकाम्या झाल्या, त्यांच्या खिडक्या काढून नेल्या आहेत.

डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितलं आहे. साखर वाढली आहे. सकाळी पाण्याची वेळ असते म्हणून मी संध्याकाळी जाते. तुला हसू येईल. तुझ्या लग्नापासूनच्या अकरा वर्षांत मी सहाला घराबाहेर असल्याचं तू कधी पाहिलं नसशील. सहाला माझा हर्षा कामावरून यायचा. तो गेल्यावरही मी सहाला घरातच असायचे, उगीचच. आता सहाला कुलूप लावते, आंबेडकर रोड ओलांडते, पारशी कॉलनीतून माटुंग्याच्या पाच बागांपर्यंत जाते आणि साडेसातला परत येते. फोन घरीच ठेवते. चालताना हातात काही नको वाटतं.

काल तिथे एक बहावा दिसला. झाडाला पान जवळजवळ नव्हतंच. हळदीत भिजवून दोरीवर टाकलेल्या कपड्यांसारखे पिवळे घोस खाली लोंबत होते. दोन इमारतींच्या मधून तिरकं ऊन आलं होतं आणि नेमकं त्या एकाच झाडावर पडलं होतं. बाकी रस्ता सावलीत. लोक फोनवर बोलत खालून जात होते. मी थांबले आणि मला राग आला. हर्षाच्या नंतरच्या एप्रिलातही हे झाड असंच फुललं असणार. कुणी त्याला सांगितलं नसेल.

तिथून लगेच निघाले. आज पुन्हा गेले, आणि पुन्हा तिथेच थांबले. का ते मला माहीत नाही.

मितूला सांग आजी बरी आहे.

चंपा


३० एप्रिल २०२४

प्रिती,

जन्माचा दाखला सापडला. दुसरा अजून नाही.

रमाबाई रोज विचारतात, "चंपाताई, रोजचा दौरा कुठे? बागेत कुणी मित्र-बित्र मिळाला की काय?" मी म्हटलं, "मिळाला. हातात पाइप घेऊन उभा असतो." खरंच सांगते, तिथे रामजी म्हणून एक माळी आहे. संगमेश्वरकडचा, पन्नाशीचा. मी मान वर करून उभी होते तेव्हा मागून म्हणाला, "काय मावशी, पतंग अडकलाय काय वर?"

"फुलं बघते. नाव काय ह्याचं?"

"नाव कशाला? रेशनकार्डात घालणार?"

"सांगायचं तर सांग, नाहीतर गप पाणी घाल."

हसला. म्हणाला, "ताम्हण. आपल्या राज्याचं फूल आहे. शप्पथ. सरकारने ठरवलंय." मग पुढे म्हणतो, "पण दुपारी नका बघू. दुपारी काय नाय त्यात. ह्या टायमाला बघायचं."

त्याचं बरोबर आहे. दुपारी मी मुद्दाम जाऊन आले. दुपारी ते फूल पुष्कळ वेळा धुतलेल्या जांभळ्या लुगड्यासारखं दिसतं. साडेसहाला ऊन खालून शिरतं, तेव्हा पाकळ्यांच्या चुण्यांमधून उजेड पलीकडे जातो आणि सगळा तुरा गुलाबी होतो. ते दहा मिनिटं टिकतं. मग ऊन उतरतं, आणि काळोख व्हायच्या आधी अगदी थोडा वेळ ती फुलं निळी दिसतात. मी तिथल्या बाकावर बसून हे तीन दिवस बघितलं. तिन्ही दिवस निळी झाली.

सोनमोहराचं वेगळं. त्याची फुलं झाडावर दिसतच नाहीत, रस्त्यावर दिसतात. कॉलनीतल्या एका गल्लीत गाड्यांच्या टपांवर पिवळा थर असतो. झाडणारी बाई वैतागून म्हणते, "हे मेलं झाड बघा, पगार मला आणि काम त्याचं." तिला मी हो म्हणते. मला तिचं पटतं, आणि ती गेल्यावर मी खाली बघत चालते.

तुला लिहिताना मला बरं वाटतं म्हणून लिहिते आहे असं समजू नकोस. बरं वाटत नाही. चौसष्ट वर्षं मी ह्या भागात काढली. पहिली सतरा लालबागला, पुढची इथे. ही झाडं तेव्हाही होती. मी भाजीची पिशवी घेऊन खालून गेले, हर्षाला कडेवर घेऊन गेले, ह्यांच्या मयताची फुलं आणायला दादरला गेले तीही इथूनच. एकदाही वर बघितलं नाही. आता घरात कुणी नाही तेव्हा मला दिसतंय. ज्याला दाखवावं असं कुणी उरलं नाही तेव्हा.

वाचण्याचंही माझं असंच झालं. तुला ठाऊक आहे, मी शाळेत आया होते. वर्ग सुटल्यावर फळा पुसायचं काम माझं. पुसण्याआधी जे लिहिलेलं असेल ते उभं राहून बघायचं. एक अक्षर ओळखीचं झालं की मग पुसायचं. दोन वर्षांत वाचायला आलं तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते आणि हर्षाला माझ्याकडून पाठ म्हणून घ्यायची गरज उरली नव्हती. नंतर विहाराच्या लायब्ररीतली मोठमोठी पुस्तकं वाचली. सगळं मला वेळ टळल्यावर येतं.

दुसरा दाखला शोधते आहे.

चंपा


१० मे २०२४

प्रिती,

दाखला हरवलेला नाही. कधीच हरवला नव्हता. तुझा निरोप आला त्या दिवशी मी तो ट्रंकेतून काढला आणि तेव्हापासून माझ्या उशीखाली आहे. स्टूलही डगमगत नाही.

मला तो द्यायचा नव्हता. कारण सांगते, तुला पटो न पटो. त्या कागदावर नाव, तारीख, जागा लिहिली आहे आणि खाली लिहिलं आहे, आईचे नाव, चंपा. माझं नाव इतकं स्वच्छ टाइप केलेलं दुसऱ्या कुठल्या कागदावर नाही. हर्षा माझा होता असं सांगणारा तो एक कागद आहे. तो घेऊन तू दुसऱ्याशी लग्नाची सही करणार, आणि मितूच्या नावात मधे हर्षवर्धन आहे तिथे अभय येणार. म्हणून मी तुला फुलांची पत्रं लिहीत बसले. वेळ काढत होते. पौर्णिमा टळली तर टळेल असं मनात होतं. हे लिहायला नको वाटलं, पण मनात आलं होतं.

परवा मात्र एक गोष्ट ध्यानात आली. दाखल्याची दुसरी प्रत वॉर्ड ऑफिसात मिळते. तू नोकरी करणारी मुलगी, तुला हे माझ्यापेक्षा आधी ठाऊक असणार. तरी तू माझ्याकडे मागितलास. का मागितलास ह्याचा विचार मी दोन दिवस करते आहे.

आता गजऱ्याचं लिहिते.

गेल्या वर्षीच्या मार्चमधला तो दिवस. हर्षाला जाऊन सोळा महिने झाले होते. तू ऑफिसमधून आलीस, डोक्यात मोगऱ्याचा गजरा होता. तुझा वाढदिवस होता हे मला ठाऊक होतं. मी दारात मेथी निवडत बसले होते. तू चप्पल काढत होतीस आणि मी खाली बघतच विचारलं, "कोणासाठी?"

तू म्हणालीस, "कोणासाठी म्हणजे?"

मी म्हटलं, "विचारलं आपलं."

मी ओरडले नाही. गजऱ्याला हात लावला नाही. लोकांना सांगायला सोपं, की काही बोललेच नाही. पण त्या एका शब्दात काय होतं ते तुला कळलं आणि मलाही कळलं. तू गजरा काढलास, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवलास आणि मितूला आंघोळ घालायला गेलीस. महिन्याने माहेरी गेलीस.

दर पंचवीस डिसेंबरला, मनुस्मृती दहनाच्या दिवशी, मी महिला मंडळात उभी राहून बोलते. हे वारले तेव्हा गावाहून आलेल्या बायका माझा हात धरायला आल्या, मी बांगड्या फोडू दिल्या नाहीत. तीच गोष्ट वीस वेळा सांगितली असेन, टाळ्या घेतल्या असतील. आणि माझ्या घरात माझ्या सुनेने स्वतःच्या वाढदिवसाला फुलं माळली तर माझ्या तोंडून हे आलं. गावच्या बायका तरी उघड आल्या होत्या. मी मेथी निवडत होते.

काल संध्याकाळी बाकावर बसले असताना पलीकडे एक बाई मोगरा विकत होती. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. सगळी झाडं बघता येतात मला, मोगरा बघता येत नाही.

दाखला मी पाठवणार आहे. पण त्याआधी तुला काय म्हणायचं असेल ते लिही. शिव्या घालायच्या तर शिव्या लिही. मी वाचीन.

चंपा


२० मे २०२४, सोमवार, दुपार

प्रिती,

आज मतदान होतं. सकाळी आठलाच जाऊन आले. शाळेच्या बाहेर टेबलं लावून पक्षांची माणसं चिठ्ठ्या देत होती. त्यातल्या एकाने यादीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "चंपा शामराव. हर्षवर्धन शामराव. प्रिती हर्षवर्धन. तीन मतं आहेत मावशी. सगळ्यांना घेऊन या, नंतर ऊन वाढतं."

त्याच्या समोरच्या कागदावर हर्षाचा फोटो होता. तो जुना, मिशी असलेला. वय सदतीस लिहिलं होतं. जिथे थांबला त्याच्या पुढचं ते वय आहे. यादीत तो वाढतो आहे.

मी म्हटलं, "दोघं बाहेरगावी आहेत."

"फोन करा की. नाशिक-पुण्याहून लोक येतायत."

"बघते," म्हटलं आणि आत गेले. यादीवालीने माझं नाव खोडलं तेव्हा खालची दोन तशीच राहिली. बोटाला शाई लावून घेतली आणि बाहेर आले. दारावरची बाई म्हणाली, "मावशी, रडताय काय, शाई झोंबली?"

तू मतदानाला येणार नाहीस हे मी धरून चालले आहे. उद्या-परवापर्यंत तुझ्या घरी पाहुणे भरले असतील.

उकाडा फार आहे. संध्याकाळी नेहमीसारखी बाहेर पडेन. घरात बसलं की जिन्यावर पाय वाजतात आणि प्रत्येक वेळी मान वळते. त्यापेक्षा बाहेर बरं. रामजी म्हणाला आहे की कैलासपतीला फूल आलंय, ते बुंध्यालाच येतं, वर बघायची गरज नाही.

चंपा


२१ मे २०२४

प्रिती,

तू काल काय केलंस ते तुला माहीत आहे. मला ते रमाबाईंच्या तोंडून कळलं. मला ते एकदा लिहून बघायचं आहे.

साडेसातला मी जिना चढून आले तर त्या दारातच उभ्या होत्या.

"कुठे होतीस गं बाई? प्रिती आली होती. मितूला घेऊन. मत टाकून सरळ इथेच आली सहाला."

मी कुलपाकडे बघत राहिले.

"पावणेसातपर्यंत पायरीवर बसली होती. मी म्हटलं घरात ये, सरबत देते. नको म्हणाली, आई येतील एवढ्यात. मग तिने फोन लावला तर तुझा फोन आत वाजतोय. पोरीने दाराला कान लावला. म्हणते, मम्मी, आजी आत आहे, उघडत नाहीये."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं की. अगं आत नाही, फिरायला गेलीय, फुलं बघते रोज. तर प्रिती म्हणाली, मी सहाला येते म्हणून कळवलं होतं, पत्र पोचलं ना त्यांना? मी म्हटलं, पोचलं की. शुक्रवारी पोस्टमनकडून मीच घेतलं आणि तिच्या हातात दिलं. मग तिने पोरीला उठवलं आणि गेली. का गं, काय लिहिलं होतं?"

काय लिहिलं होतं ते मला माहीत नव्हतं, प्रिती.

पत्र शुक्रवारी आलं हे खरं आहे. कालच्या पत्रात मी ते तुला लिहिलं नाही. वरती तुझं अक्षर बघितलं. गजऱ्याचं मी लिहिलं होतं, त्याचं हे उत्तर. तू काय म्हणाली असशील ते मी चार दिवस मनाशी म्हणत होते, आणि जे म्हणत होते ते वाचायची माझ्यात हिंमत नव्हती. उघडलं नाही. उशीखाली दाखल्याजवळ ठेवलं. काल फिरायला जाताना पिशवीत घातलं. ठरवलं होतं, बाकावर बसायचं आणि वाचायचं.

सव्वासहाला मी बाकावर होते. उजेड भरपूर होता, बारीक अक्षरही दिसलं असतं. पाकीट मांडीवर घेतलं. म्हटलं, ताम्हण गुलाबी होऊ दे, मग वाचते. ते गुलाबी झालं. म्हटलं, निळं होऊ दे. वाऱ्याने तुरे हलत होते आणि मी इतकी एकटक बघत होते की शेजारी बसलेली बाई उठून कधी गेली तेही कळलं नाही. निळंही झालं. मग अंधार पडला, आणि मला बरं वाटलं. आता दिसत नाही, आता वाचता येणार नाही. उठले. पाकीट पिशवीत टाकलं.

त्याच वेळात मितू माझ्या दाराला कान लावून उभी होती.

दिव्याखाली बसून मी ते उघडलं. तू लिहिलेलं तुलाच लिहून दाखवते, म्हणजे मी वाचलं हे तुला कळेल.

"आई, जय भीम. तुमची तिन्ही पत्रं मिळाली. गजऱ्याचं लिहिलंत, त्या दिवसापासून मी त्याचीच वाट बघत होते. आता तो विषय माझ्याकडून संपला. दाखला शोधू नका, मी प्रत काढून घेतली आहे. दाखला मागितला तो तुमच्याशी बोलणं व्हावं म्हणून. मितूचं नाव आहे तेच राहणार. अभयनेच सांगितलं, वडिलांचं नाव काढायचं नाही. ती तुमची फुलांची पत्रं मला पुन्हापुन्हा वाचायला लावते आणि वहीत झाडांची नावं लिहिते. सोमवारी मी तिला घेऊन मतदानाला येते. सहाला घरी येईन. तुम्हाला लग्नाला बरोबर न्यायचं आहे, चार कपडे भरून ठेवा. तुम्ही घरी नसलात तर मी समजेन की तुम्हाला यायचं नाही. मग मी पुन्हा विचारणार नाही, माझ्यात आता तेवढा जोर नाही. तुमची प्रिती."

मी तुला लगेच फोन लावला. तीनदा पूर्ण वाजला. चौथ्यांदा बंद होता.

मला ते पत्र पोचलं होतं आणि तरी मी गेले, असं तुला वाटतं आहे. पोचलं होतं. मी वाचलं नव्हतं. हे दोन्ही एकदम खरं आहे हे कुणाला सांगून पटणार? फळ्यावरचं एकेक अक्षर उभं राहून शिकलेली बाई, आणि घरी आलेलं पाकीट उघडत नाही. मला कुणी सांगितलं असतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

चंपा


२४ मे २०२४

प्रिती,

काल तुझं लग्न झालं. सुखी राहा. हे मी मनापासून लिहिते आहे.

सकाळी सहाला मी दादरच्या एसटी स्टँडवर होते. पांढरी साडी नेसले होते, पिशवीत मितूसाठी रंगपेटी होती. नाशिकच्या तीन गाड्या सुटल्या. कंडक्टर ओरडायचा, "नाशिक, नाशिक, चला मावशी, जागा आहे." मी म्हणायचे, "मागच्या गाडीने येते."

तू पुन्हा विचारणार नाही असं लिहिलं होतंस, पण येऊ नका असं लिहिलं नव्हतंस. एवढ्यावर जाता आलं असतं. गाडीत बसले असते तर अकरापर्यंत तुमच्या विहाराच्या दारात पोचले असते. तेच डोळ्यासमोर येत होतं. तू त्या माणसाच्या शेजारी बसलेली, हातात फुलं, आणि सगळ्यांनी वळून बघितलेलं, हर्षाची आई आली. ज्याचा कागद मी महिनाभर दाबून ठेवला त्याची आठवण घेऊन मीच उंबऱ्यात उभी. तुझ्या दिवशी मला मयताचा दाखला होऊन यायचं नव्हतं.

आणि मितू. तिने विचारलं असतं, आजी, तू आत होतीस ना? मी नाही म्हटलं असतं. तिने मान हलवली असती. नऊ वर्षांच्या मुलीने आपल्याला समजून घेतल्यासारखं करावं, ते मला बघवलं नसतं.

दहा वाजता घरी आले. विहारात जाऊन बसले. पौर्णिमेची गर्दी होती, सगळे पांढऱ्या कपड्यांत, मुलींच्या हातात फुलं. फुलांची गाथा सुरू झाली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही म्हटली. ती मला पाठ आहे. आजपर्यंत अर्थ न बघता म्हणत आले होते. काल 'हे फूल जसं कोमेजतं तसा हा देहही जातो' हा त्यातला अर्थ लागला आणि मधेच थांबले. शेजारची बाई मला कोपराने ढोसत होती, तिला वाटलं विसरले.

तुझा फोन अजून लागत नाही. तू नंबर बदलला असशील किंवा माझा बंद केला असशील. दोन्हीत तुझी चूक नाही.

चंपा


२ जून २०२४

प्रिती,

ह्या पाकिटात मितूच्या जन्माचा दाखला आहे. हर्षाचा माझ्याकडेच ठेवते, तुला आता त्याची गरज नाही आणि मला त्याचं करायला दुसरं काही नाही.

मितूच्या वहीसाठी म्हणून लिहिते. कैलासपतीचं फूल मी त्या सोमवारी बघितलं नाही, त्यामुळे ते कसं असतं ते मला सांगता येणार नाही. बहावा सरत आला असेल. बाकीच्यांचं माहीत नाही. तिला म्हणावं, आजीने जेवढं लिहिलं तेवढंच आजीला ठाऊक आहे, पुढचं तिने बघावं.

परवा सकाळी रामजी दादरच्या बाजारात भेटला. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"काय मावशी, दिसत नाय? आजारी होता काय?"

"नाही रे."

"मग? गुलमोहर आलाय नुसता. पारशी लोक फोटो काढतायत. तुम्ही नाय."

"संध्याकाळी घरी असते. कोणी यायचंय."

"कोण?"

"सून. नात आहे बरोबर."

"मग बरं. किती वाजता येतात?"

"सहाला."

"रोज?"

मी पिशवी सावरली. त्याने जुडीतली थोडी कोथिंबीर काढून माझ्या पिशवीत टाकली आणि गेला.

मी आता फिरायला जात नाही. डॉक्टर रागावले, साखर पुन्हा वर गेली आहे. सहाला दोन मिनिटं असताना दार उघडते, पूर्ण, भिंतीला टेकेल इतकं. फोन मांडीवर घेते. स्टूल उंबऱ्याजवळ ओढून बसते, म्हणजे जिन्याचं वळण दिसतं. गॅलरीत त्या वेळी ऊन येतं. कठड्यावरून फरशीवर, फरशीवरून माझ्या पायांवर. मग जातं.

तू पुन्हा विचारणार नाहीस हे मला समजलं आहे. तरी बसते. मला त्या दिवशी जिथे असायला हवं होतं तिथे मी आता रोज असते.

काल साडेसात होऊन गेले तेव्हा रमाबाई त्यांच्या दारातून म्हणाल्या, "लाव आता चंपाताई, डास येतात."

मी म्हटलं, "पाच मिनिटं."

चंपा